चुन्याची निवळी

बिस्किटांच्या डब्यात एकोणतीस शिक्के.
'माल मिळाला'. 'उधार'. 'रोख'. 'हरकत नाही'.
आडत बंद झाली त्या दिवशी शेठ म्हणाले,
घेऊन जा विजयमालाबाई,
कुणाला देणार आता हे, भंगारवालाही रबर घेत नाही.

सव्वीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात
हळदीच्या पावत्यांवर मी जांभळं मारत आले.
संध्याकाळी हात धुतले की
आधी पिवळं जायचं, मग जांभळं,
आणि नखांच्या कडेला दोघांचं मिळून काहीतरी
बारा महिने राहायचं.

'हरकत नाही' मला सगळ्यांत आवडायचा.
घरी कुणी कधी तो मारला नव्हता.

आता दुपारी भांडी आवरली की ओट्यावर पुठ्ठे मांडते,
लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजू.
पोराच्या कंपासपेटीतल्या कर्कटकानं खोडरबर कोरते.
आंब्याचं पान करायला गेले, मासा झाला.
मासाच ठेवला.
सावळजच्या मंदाकिनीला बेदाण्याच्या पुड्यांसाठी टॅग हवे होते, दोनशे.
भेंडी आडवी कापून हिरव्या शाईत टेकवली:
पाच पाकळ्यांचं फूल, आयतं.
बेदाण्याचा आणि भेंडीचा काय संबंध, ती म्हणाली.
मी डबा उघडला, आणि तिच्या तळहातावर
'हरकत नाही' मारला.

एकोणतीसच्या एकोणतीस नबीलाल शिकलगारांनी कापलेले.
हरभट रोडच्या गल्लीत जिन्याखाली दुकान,
आत एक स्टूल, दुसऱ्याला जागा नाही.
आजा सुऱ्यांना धार लावायचा, हे अक्षरांना लावत.
उलटं कोरत आणि उलटंच वाचत.
सरळ वाचायचं म्हणजे डोळे दुखतात, म्हणत,
पेपर जरा आरशात धर की गं.

गेल्या पौषात त्यांचा उजवा हात गेला.
हात आहे. पण गेला.
बोलणंही निम्मंच उरलं.

त्यांच्यासाठी कार्ड करायचं ठरवलं. शाई नको वाटली.
जाड कागद हळदीच्या पाण्यात भिजवून दोरीवर वाळवला,
पानपट्टीवरून चुना आणला, पाण्यात कालवला,
वरची निवळी बशीत काढली, पाण्यासारखीच दिसणारी.
तिच्यात शिक्का टेकवून कागदावर ठेवला
आणि पिवळ्यातून लाल वर आलं.
कुंकवासारखं म्हणणार होते.
कुंकूच ते, असंच तर करतात.

शिक्का माझाच होता, 'बरे व्हा'.
दोन रात्री, चष्म्यावर भिंग धरून.
आणि उचलून बघते तर
काना सगळ्यांत आधी, मात्रा भलतीकडे झुकलेली,
दोन्ही शब्द भिंतीकडे तोंड करून उभे.
उलटं कोरायचं विसरले होते.
सव्वीस वर्षं शिक्के मारले,
शिक्क्याचं तोंड एकदाही बघितलं नव्हतं.

दुसरं कोरायला वेळ होता. खोडरबर नव्हतं.
तसंच पिशवीत घालून शंभर फुटी रोडला गेले.

त्यांनी डाव्या हातात धरलं.
आरसा मागितला नाही, डोकं वाकडं केलं नाही.
ब, म्हणाले. रे. मग बराच वेळ काही नाही.
मग 'व्हा'च्या पोटावर बोट ठेवलं
आणि तोंड वाकडं केलं, तेवढं वाकडं आजारानं नव्हतं.
'जा… जाड.'

आठ दिवसांनी सुनेचा, यास्मिनचा फोन.
काकू, अक्षर उडत चाललंय हो,
आता नुसता पिवळा कागद दिसतोय,
तरी उशाशी ठेवलाय, काढू देत नाहीत.
मी म्हटलं, चुना असाच, हवा लागली की जातो.
परत मारून देते. या खेपेला सरळ वाचता येईल असं कोरते, विचार त्यांना.

फोनमागे पलंग करकरला.
काहीतरी धडपडत आलं, पहिलंच अक्षर,
'न', आणि पुढचं
यास्मिननं हसत हसत पुरं केलं.